झिरामायला तीन प्रश्न

इफ्फतने खोडरबर मागितलं. शाकीबने टेबलाचा खण ओढून दिलं, आणि तिने समोरच्या कागदावरचा एक शब्द खोडायला घेतला. इतकंच झालं. जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेअकरा, अमरावतीत चित्रा चौकाच्या मागच्या गल्लीतलं शाकीबचं बुकबाइंडिंगचं दुकान, शटर अर्धं खाली, आत खळीचा आणि नव्या पुठ्ठ्याचा वास. शब्द होता 'भली'. तिने तो घाईने खोडला नाही. आधी 'ली', मग 'भ', मग बोटाने कचरा झटकला, कागद उजेडात धरून पाहिला आणि राहिलेली रेघ पुन्हा घासली. कागद सहा वर्षांचा, घड्यांवर विरलेला. तिथे भोक पडेल असं मला वाटलं, आणि ते पडू नये एवढी एकच इच्छा त्या वेळी माझ्या मनात होती. बाकी काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे मात्र कळत होतं. गेले वर्षभर माझं हे असंच आहे. दात काढताना इंजेक्शन देतात आणि मग आपलाच ओठ आपल्याला जाड आणि परका लागतो, तसा मी दिवसभर असतो. जेवतो, ऑफिसला जातो, रविवारी इथे येतो.

आम्ही एक खेळ खेळतो. बत्तीस वर्षांचा सरकारी नोकर रविवारी खेळायला जातो म्हटलं की लोक पत्ते समजतात, म्हणून मी कुणाला फारसं सांगत नाही. अकोल्याला शिकत होतो तेव्हा हॉस्टेलातल्या एकाकडे या खेळाच्या जाड इंग्रजी पुस्तकांच्या झेरॉक्स होत्या, तिथे लागलेली सवय. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं, लढवय्या, चोर, जादूगार, जे काय असेल ते, आणि त्याच्यासारखं बोलायचं, वागायचं. जिथे नशिबाचा प्रश्न येईल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. एकाने मात्र कुणीच न होता उरलेलं सगळं व्हायचं. गावकरी, राक्षस, पाऊस, वारा, देव. आमच्यात तो एक मी. माझ्यासमोर शाकीबने रजिस्टरच्या पुठ्ठ्याचा एक आडोसा बांधून दिलाय, मागे मी काय फासे टाकतो ते कुणाला दिसू नये म्हणून. शाकीब लढवय्या आहे आणि खेळात तरी त्याला कुणी 'उद्या देतो, परवा देतो' म्हणत नाही, यावर खूश आहे. पंजाबराव पोस्टातून निवृत्त झालेले, एकसष्ट वर्षांचे. ते चोर झाले. "जनमभर लोकायची पत्रं न उघडता वाटली बापा," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "आता मले उघडू दे." आणि शाकीबची बहीण इफ्फत, शाळेत गणित शिकवणारी, ती झाली झिरामायची सेविका.

झिरामाय मी तयार केलेली. पुस्तकातल्या देवांची नावं आमच्या जिभेवर बसेनात. नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून पाण्याचा झिरा काढतात ना, त्यावरून हे नाव. पाण्याची देवी. तिच्या विरुद्ध राखोबा, राखेचा देव, जाळपोळ करणारा, गर्विष्ठ. पुस्तकात देवांच्या आणि माणसांच्या स्वभावासाठी नऊ घरं दिली होती, ती आम्ही तीनवर आणली. भला, मधला, दुष्ट. "नऊ प्रकारचे लोकं त म्या पोस्टात पन नाई पाह्यले," असं पंजाबरावांचं म्हणणं पडलं. तर झिरामायच्या घरात मी 'भली' लिहिलं आणि राखोबाच्या घरात 'दुष्ट', आणि सहा वर्षं त्यावर कुणी बोट ठेवलं नाही. इफ्फतला सुरुवातीला जड गेलं होतं. खेळातसुद्धा पूजा म्हणायची नाही, हात जोडायचे नाहीत, फक्त अर्जी करायची, असं तिने ठरवून घेतलं. एकदा तिच्या अम्मी, नसीमबानो, चहा घेऊन खाली आल्या आणि दारातच थांबून म्हणाल्या, "ये किसके आगे अर्जी चल री?" शाकीब म्हणाला, "नितेश के आगे, अम्मी." त्या हसल्या आणि कप ठेवून गेल्या. तेव्हा मीही हसलो होतो.

महिन्याभरापूर्वी आमचा खेळ एका डोंगरातल्या गावापाशी आला होता. गावाला एकच झरा. राखोबाचा एक चेला गावात येऊन सांगून गेला, हा झरा आटणार आहे, माझ्या देवाच्या मुलखात चला, तिथे तळं आहे. गावकऱ्यांनी त्याला दगड मारून हाकललं. दुष्टाचा चेला, त्याचं कोण ऐकणार. मग त्यांनी इफ्फतच्या सेविकेला गाठलं आणि सेविकेने झिरामायला अर्जी केली, थांबावं की निघावं. मी आडोशामागे फासा टाकला. आकडा काय पडला ते मी पाहिलंही नाही. देवीच्या आवाजात म्हणालो, "निवड तुमची आहे. मी तुमच्यासोबत आहे." फार छान वाक्य, मला आवडलं होतं. गाव थांबलं. पुढच्या रविवारी झरा आटला, त्याच्या पुढच्या रविवारी गावात माणूस उरला नाही. खेळात असं चालतं. लढवय्याने चार राक्षस मारले, चोराने ओसाड घरातून एक तांब्याचा गडू उचलला आणि आम्ही पुढे सरकलो, असं मी समजत होतो.

इफ्फत सरकली नव्हती. आज आल्या आल्या तिने पुस्तक उघडून नियम दाखवला. एवढी वर्षं झालेल्या सेविकेला वर्षातून एकदा देवतेला तीन प्रश्न विचारता येतात. देवतेने खरंच सांगायचं, आणि फक्त हो किंवा नाही म्हणायचं. नियम छापील होता. ती म्हणाली, "झरा आटणार, हे तुला ठाऊक होतं का?" खेळातली सेविका शुद्ध मराठी बोलते, तिचं असं ठरलेलं आहे. मी आडोशामागे हात नेला, तर ती म्हणाली, "नितेशभाई, इथं फासा नाही लागत." मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "तुला सांगता आलं असतं का?" दुकानाबाहेरून कुणीतरी मोटारसायकल ढकलत नेत होतं, तिच्या साखळीचा आवाज संपेपर्यंत मी थांबलो. "हो." मग पंजाबराव मध्ये पडले. "अवं बाई, देव हाय म्हून काय सगळंच सांगत बसन? मानसाले काई करू देईन का नाई?" शाकीब म्हणाला, "मग तो राखोबा बरा यार. दुष्ट हाय, पन सांगून त गेला." इफ्फतने दोघांकडे लक्ष दिलं नाही. "तिसरा सवाल मी राखून ठेवते," ती म्हणाली आणि तिने खोडरबर मागितलं.

"मग आता तिथं काय लिहिशील?" मी विचारलं. माझा आवाज नेहमीसारखा होता. "काही नाही," ती म्हणाली. "रिकामं राहू द्या. पोरं उत्तर लिहीत नाहीत तर मी शून्य पण देत नाही, रिकामं ठेवते. मग तीच येऊन विचारतात."

देवाने ढवळाढवळ करू नये, हे माझं जुनं मत. अकोल्याच्या हॉस्टेलात यावर मी रात्र रात्र भांडलोय. भला देव भला कशामुळे, तर तो माणसाची निवड हिरावून घेत नाही यामुळे. जो सतत कानात सांगत राहतो तो देव कसला, तो हवालदार. असं मी बोलायचो आणि ऐकणारे गप्प व्हायचे. चांगलं बोलता येणं हा माझ्यातला एक रोग आहे. तो मला घरातून मिळालेला नाही. आमच्या घरी, शेंदूरजनाघाटला, बोलणं कमीच. बाबा, खुशालराव, दिवसातून वीस वाक्यं बोलत असतील आणि त्यातली दहा झाडांशी. जेवताना वाईट बोलायचं नाही, हा त्यांचा एक नियम होता. कुणी मेल्याची बातमी आली असेल तरी हात धुतल्यावर सांगायची. दुसरा नियम कुणी केलेला नव्हता, तो आपोआप होता. घरात एखादी गोष्ट विचारली आणि जाणता माणूस गप्प राहिला, तर ती गोष्ट ठीक आहे असं समजायचं. अडचण असेल तर तो बोलेलच. बाबा गप्प म्हणजे होकार. त्यावर आमचं सगळं घर चालायचं, लग्नंही ठरली.

आमचा संत्र्याचा बगीचा होता, तीनशे चाळीस झाडं. संत्र्याला आंबिया बहार हवा असेल तर हिवाळ्यात झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं. महिना-दीड महिना थेंब द्यायचा नाही. पानं पिवळी पडतात, चौथा हिस्सा गळतात, झाड पाहवत नाही. मग जानेवारीत एके दिवशी पाणी सोडायचं, आणि पंधरा-वीस दिवसांत फांदीफांदीला पांढरी फुलं फुटतात, वासाने डोकं जड होतं. लहानपणी मला हे आवडायचं नाही. बाबांना मी विचारलं होतं, कावून त्यायले तरसवता? बाबा म्हणाले, "त्याले वाटलं पायजे का आता मरतो. मंग ते फुलते." किती दिवस तरसवायचं हे ते पानावरून ठरवायचे. दुपारी दोन वाजता झाडाखाली बसायचे, एक पान चुरगळायचे, वास घ्यायचे. सगळा खेळ एकाच भरवशावर. पाणी आपल्या हातात आहे, म्हणून आपण ते तोडतोय. झाडाला ते ठाऊक नसतं, इतकंच. बाबा गेल्यावर हे ठरवणं माझ्या मोठ्या भावाकडे, देवीदासदादाकडे, आलं. मी शिकून नोकरीला लागलो होतो, आणि माझी नोकरी विहिरींची पातळी मोजायची. गावोगावच्या ठरावीक विहिरींत वर्षातून चार वेळा टेप सोडायची, टोकाच्या वजनाने पाण्याला हात लावला की आकडा लिहायचा. दादा लोकांना अभिमानाने सांगायचा, "माया भाऊ पानी मोजते."

दोन हजार अठराच्या ऑक्टोबरात मी आमच्याच गावची विहीर मोजायला गेलो. ती नत्थुजींच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, आहे. नत्थुजी बाबांचे दोस्त, आमचे शेजारी, धुऱ्याला धुरा लागून. मी टेप सोडत होतो आणि ते कडुलिंबाखाली बिडी ओढत उभे होते. दरवर्षी त्या महिन्यात सात-आठ मीटरवर वजन पाण्याला लागतं. त्या दिवशी टेप जात राहिली. दहा, बारा, चौदा. सोळा मीटर चाळीसला आवाज आला, तोही बारीक. मी दोनदा मोजलं. नत्थुजी म्हणाले, "किती गा?" मी म्हणालो, "ठीक आहे, काका." आकडा जाहीर व्हायच्या आधी बाहेर सांगायचा नाही असं आमच्याकडे म्हणतात, पण तो नियम कुणी पाळत नाही, ऑफिसखालच्या चहावाल्यालाही आकडे पाठ असतात. मी टेप पुसली, गुंडाळली आणि दादाकडे जेवायला गेलो.

जमुनावहिनीने वांग्याची भाजी केली होती, ज्वारीची भाकर, ठेचा, वर कच्चं तेल. दादा माझ्या शेजारी बसला. तिसऱ्या भाकरीला त्याने विचारलं, "काय म्हन्तं नितेश, देऊ ना ताण यंदा?" खूप सहज विचारलं. तोंडात घास होता त्याच्या. मला स्वच्छ आठवतं की माझ्या जिभेवर सोळा चाळीस हा आकडा होता, ठेच्याच्या शेजारी. ताण दिला आणि जानेवारीत बोअरला पाणी लागलं नाही, तर झाडं परत फिरणार नाहीत, हे मला त्या घरात सगळ्यांत जास्त कळत होतं. पण नको म्हणालो असतो तर त्या वर्षीचा बहार मी बुडवला असता. मी. आणि पुढे चार अवकाळी पाऊस येऊन बोअरला पाणी लागलं असतं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. नाही बोललो तर जे होईल ते कुणी केलेलं नसेल, आपोआप झालेलं असेल. एवढा विचार मी एका घासात केला. मग वर जेवताना वाईट बोलू नये होतंच. आणि दादा मोठा, जमीन तो कसतो, त्याचा निर्णय त्याने घ्यावा, यात मान आहे, असंही वाटलं. मी म्हणालो, "तू म्हणशील तसं, दादा. बगीचा तुला कळतो." दादाच्या चेहऱ्यावर जी खुशी आली, ती मी पाहिली. वहिनीने मला आणखी भाजी वाढली.

ताण दिला. पानं पिवळी झाली, गळाली, सगळं बाबांच्या वेळेसारखं. जानेवारीत मोटर लावली तर बोअरने तासभर पाणी दिलं, मग चिखल, मग हवा. टँकर झाले, नवा बोअर झाला, सातशे फुटांवर धूळ निघाली. एप्रिलमध्ये मी गेलो तेव्हा झाडं पानांनिशी उभी होती, तपकिरी, कडक, हात लावला की कुरकुर वाजणारी. मला वाटलं पानं आहेत म्हणजे काही जीव असेल. दादा म्हणाला, "पान गळलं त झाड जित्तं. पान धरून बसलं ना, मंग गेलं ते." हे मला ठाऊक नव्हतं. त्याने तीनशे एकोणतीस झाडं जेसीबीने काढली. घराजवळची अकरा वाचली, आंघोळीचं, भांड्यांचं पाणी जायचं म्हणून. यंदा त्या वावरात हरभरा आहे. दादा उपाशी नाही, रडत नाही, देवाला शिव्या देत नाही. फक्त दुपारी दोन वाजता त्याला काय करावं कळत नाही, असं वहिनी फोनवर म्हणाली.

आणि नत्थुजी. त्या दिवशी मी ठीक आहे म्हणालो खरा, पण त्यांनी टेप किती गेली ते पाहिलं होतं. त्यांनी त्या साली ताण दिला नाही, बहार सोडून दिला, जे होतं ते पाणी झाडांच्या बुडाशी थोडं थोडं घातलं. त्यांची निम्मी झाडं उभी आहेत. त्यांनी डिसेंबरात दादाला सांगितलंही होतं, "पानी नाई हाय देवीदास, ताण तोड." दादा म्हणाला, "नितेश काई बोलला नाई." झाडं गेल्यावर नत्थुजी पारावर म्हणाले, "त्याच्या भावाले माहीत होतं. माया डोयासमोर मोजलं त्यानं." दादाने चार लोकांत त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं, बाबांच्या वयाच्या माणसाला, आणि म्हणाला, "माया भावाले ठाऊक असतं त त्यानं सांगतलंच असतं." तेव्हापासून त्या दोन घरांत बोलणं नाही. नत्थुजींच्या नातवाचं बारसं झालं, दादा गेला नाही. धुऱ्याला धुरा लागून दोघं काम करतात आणि मान वर करत नाहीत. हे सगळं मला वहिनीने सांगितलं. दादाने मला यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही, मला वाईट वाटेल म्हणून.

खेळ त्या दिवशी पुढे गेला नाही. पंजाबरावांनी फासे डबीत भरले, शाकीबने खळीचं भांडं झाकलं. मी आडोसा घडी करत होतो तर इफ्फत म्हणाली, "नितेशभाई, वाईट वाटून घेऊ नका. खेळ आहे." मी म्हणालो, "हो." मग तिसऱ्यांदा हो म्हणालो हे माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, "तो गावकऱ्यांचा निर्णय होता ना पण?" ती दुपट्टा सावरत शटरखालून बाहेर वाकली होती, तिथूनच म्हणाली, "कशाचा निर्णय? त्यांना काही माहीतच नव्हतं." आणि गेली. तिला माझ्या गावाचं काही ठाऊक नाही. मी कधी सांगितलेलं नाही. तो झऱ्याचा प्रसंग मी रचला तेव्हा मला स्वतःलासुद्धा कळलं नव्हतं मी काय रचतोय. मला वाटलं, चांगली गोष्ट सुचली.

मी खोलीवर न जाता सरळ एसटी स्टँडवर गेलो. वरूडची गाडी लागलेली होती. खिडकीशी बसलो. मोर्शीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या बगीच्यांची वावरं लागतात, मधूनच कुणाचा हिरवा तुकडा. कंडक्टरने तिकीट दिलं, एक बाई कडेवरचं पोर माझ्या मांडीवर ठेवून पिशवी शोधत राहिली, पोराने माझा अंगठा धरला, मला धरल्यासारखं वाटलं नाही. मी मनात वाक्यं तयार करत होतो. दादा हट्टी आहे, मी नको म्हणालो असतो तरी त्याने ताण दिलाच असता. हे वाक्य मला बरं वाटलं. ते मी वर्षभर वापरत आलोय. नत्थुजींचं त्याने कुठे ऐकलं? पण नत्थुजींचं त्याने का ऐकलं नाही, इथे आलं की वाक्य तुटायचं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. वरूड येईपर्यंत हेच.

चार वाजता गावात पोचलो. दादा वावरात हरभऱ्याचे शेंडे खुडत होता, त्यामुळे हरभरा जास्त फुटतो. मला पाहून तो उठला, हात झटकले. "काय बे, आज कावून? फोन नाई काई नाई." मी म्हणालो, "असाच." तो म्हणाला, "जेवला काय? चाल, जमुनाले सांगतो." मी म्हणालो, "नाही, जेवण नको, दादा. इथंच बोलतो." तो थांबला. त्याच्या पिंढरीला हरभऱ्याची आंब लागून पांढरे डाग पडले होते. मी तयार केलेलं एकही वाक्य मला सापडलं नाही. मी म्हणालो, "त्या साली ऑक्टोबरात पातळी सोळा मीटर चाळीस होती. जेवताना तू विचारलंस तेव्हा मला ठाऊक होतं."

दादा खाली बसला आणि शेंडे खुडू लागला. दोन, तीन, चार रोपं. मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. मग तो खाली पाहतच म्हणाला, "नत्थुजी म्हने तेच?" "हो." "तुले वाटलं होतं काय, का झाडं जाईन?" "हो." तो पुन्हा खुडू लागला. मला गप्प राहवेना, आणि मी ते बसमधलं वाक्य काढलं. म्हणालो, "मी नको म्हणालो असतो तरी तू ताण दिला असतास, दादा. तुला बहार पाहिजेच होता." ते वाक्य बाहेर हवेत इतकं हलकट वाटलं की मला माझा चेहरा गरम झालेला कळला. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी कळलं, आणि ती शरम होती.

दादाने हातातले शेंडे खाली ठेवले. तो रागावला नव्हता. तो विचार करत होता, खरंच, मी विचारलेल्या गोष्टीचा. "देल्ला असता का नसता," तो म्हणाला, "ते मले आता कसं माहीत होईन, नितेश? तू सांगतलं असतं त मले माहीत झालं असतं, मी कसा मानूस हाय ते."

दादा बराच वेळ त्या वावराकडे पाहत राहिला, जिथे झाडं होती तिथे, रांगेने, एकेक. मग त्याने धुऱ्यावरच्या चपला पायात घातल्या. "चाल." "कुठं?" "मी त्या बुढ्याले लोकायसमोर बसवलं होतं हात धरून," तो म्हणाला. "चाल, सांग त्याले." तो पुढे, मी मागे. वहिनी अंगणातून पाहत होती, तिने हाक मारली नाही. वाचलेल्या अकरा झाडांपैकी एकावर थोडी संत्री होती, दादा जाता जाता त्याच्या बुडाशी वाकला, माती चिमटीत घेतली, टाकली.

नत्थुजी त्याच कडुलिंबाखाली बाज टाकून बसले होते. म्हातारे झालेत. आम्हा दोघांना येताना त्यांनी पाहिलं आणि बिडी विझवली. दादा माझ्या मागे दहा पावलांवर थांबला, पुढे आला नाही. विहीर बाजूलाच होती. मी उभ्यानेच म्हणालो, "काका, त्या दिवशी सोळा मीटर चाळीस होतं. मी तुम्हाला ठीक आहे म्हणालो, दादालाही सांगितलं नाही. मला माहीत होतं." ते माझ्याकडे पाहत राहिले. मग माझ्या खांद्यावरून मागे, दादाकडे. दादाची मान खाली होती. नत्थुजींनी बाजेवर सरकून जागा केली, एकाची नाही, दोघांची.

"टेप लय गेली होती," ते म्हणाले. मग विहिरीकडे बोट करून, "यंदा?"

गेल्याच आठवड्यात आमच्या ऑफिसच्या दुसऱ्या माणसाने मोजून नेलेला आकडा होता, अजून कागदावरच, जाहीर न झालेला. या विहिरीवर मी वर्षभर दुसऱ्याला पाठवत होतो. "अकरा मीटर दहा," मी म्हणालो. "बरं आहे, पण नेहमीइतकं वर आलेलं नाही. ताण लांबवू नका. पाणी सोडून टाका." दादा मागे उभा होता. मी वळून त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्याला ऐकू जावं एवढ्या मोठ्याने बोललो.